शस्त्रक्रियेतील निळ्या रंगद्रव्याची तीव्र ॲलर्जी: विचारपुशीपासून पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत काय करावे

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील कोणती लसिकाग्रंथी तपासायची हे ठरवण्यासाठी सर्जन स्तनाग्राभोवती किंवा गाठीजवळ थोडे निळे रंगद्रव्य टोचतात. ते लसिकावाहिन्यांमधून काखेकडे सरकते आणि ज्या एकदोन ग्रंथींमध्ये आधी पोहोचते त्या निळ्या दिसू लागतात. कर्करोग काखेत पसरला असेल तर तो आधी याच ग्रंथींमध्ये सापडण्याची शक्यता असते, म्हणून तेवढ्याच काढून तपासल्या जातात. या पद्धतीला सेंटिनल नोड बायॉप्सी म्हणतात. निळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने ती १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी आणि १९९४ मध्ये आर्मांडो जुलियानो यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी मांडली. तिच्यामुळे असंख्य स्त्रियांच्या बाबतीत संपूर्ण काख साफ करण्याची मोठी शस्त्रक्रिया टळली आणि त्या शस्त्रक्रियेमागून येणारी हाताची चिवट सूजही टळली.

याच रंगद्रव्यामुळे क्वचित एखाद्या रुग्णाला, भूल चालू असतानाच, ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी होते. तिचा उपचार ठाऊक असलेला आणि परिणामकारक आहे. अडचण ओळखण्यात येते. रंगद्रव्य सर्जन टोचतात, रक्तदाब भूलतज्ज्ञ पाहत असतात, आणि प्रतिक्रिया टोचल्याबरोबर न येता बऱ्याच वेळाने येते. शिवाय भूलतज्ज्ञांनी दिलेले प्रत्येक औषध भुलेच्या तक्त्यावर वेळेसह लिहिले जाते, पण सर्जनने टोचलेले रंगद्रव्य अनेकदा त्या तक्त्यावर येतच नाही. म्हणून या लेखात दोन नोंदींचा आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: रंगद्रव्याचे पूर्ण नाव आणि ते टोचल्याची वेळ. लेखातील काही भाग रुग्ण व नातेवाइकांसाठी आहे आणि काही भाग थिएटरमधील डॉक्टर, सिस्टर व तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. औषधांच्या मात्रा अर्थातच प्रशिक्षित हातांसाठी आहेत.

नेमके कोणते रंगद्रव्य?

ब्रिटन व युरोपात प्रामुख्याने पेटंट ब्ल्यू व्ही वापरतात, तर अमेरिकेत आयसोसल्फान ब्ल्यू वापरतात. ही दोन्ही एकाच रासायनिक कुळातली, जवळजवळ सारख्या रचनेची आहेत. एकाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याचीही ॲलर्जी आहे असेच धरून चालावे. भारतात स्वस्त आणि सहज मिळणारे म्हणून मिथिलीन ब्ल्यू अधिक वापरले जाते. त्याचे कूळ वेगळे आहे आणि त्याच्यामुळे ॲनाफिलॅक्सिस होण्याच्या घटना बऱ्याच कमी नोंदल्या गेल्या आहेत, पण त्या नोंदल्या गेल्या आहेत. वंध्यत्वाच्या तपासणीत गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे दुर्बिणीतून पाहताना गर्भाशयातून जे निळे द्रव सोडतात, तेही सहसा मिथिलीन ब्ल्यूच असते, आणि त्यानंतरही तीव्र ॲलर्जीचा धक्का बसल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ही तपासणी लहान रुग्णालयांतही होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते, त्यामुळे पुढचा सगळा मजकूर तिथेही तितकाच लागू आहे.

मिथिलीन ब्ल्यूचे स्वतःचे तीन धोके वेगळे लक्षात ठेवावे लागतात, कारण त्यांचा ॲलर्जीशी संबंध नाही. त्वचेच्या वरच्या थरात किंवा फार तीव्र द्रावणात टोचल्यास तेथील त्वचा मरू शकते, म्हणून ते सलाईनमध्ये पातळ करून, थोडे खोल टोचतात. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. आणि नैराश्यावरची काही औषधे, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन किंवा एसिटालोप्राम, चालू असताना ते शिरेतून दिल्यास सेरोटोनिन वाढून गंभीर गुंतागुंत होऊ शकते. त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये इशारा दिला होता. ग्रंथी शोधण्यासाठी टोचलेली मात्रा शिरेतून देण्याच्या मात्रेपेक्षा लहान असते, तरीही या दोन्ही गोष्टी आधी सांगितलेल्याच बऱ्या.

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या वेळी शिरेतून देतात ते आयोडीनयुक्त द्रव्य पूर्णपणे निराळे आहे. डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीतील फ्लुरोसीन निराळे आहे, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहायचे इंडोसायनिन ग्रीन हेही निराळे आहे. बोलताना आपण या सगळ्यांना ‘डाय’ म्हणतो आणि केसपेपरवर ‘डायची ॲलर्जी’ एवढेच लिहिले जाते. त्या दोन शब्दांवरून पुढच्या डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही. सीटीच्या द्रव्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला निळे रंगद्रव्य चालू शकते. उलट निळ्या रंगद्रव्याने जीव धोक्यात आलेल्या व्यक्तीला, नावाअभावी, पुन्हा तेच टोचले जाऊ शकते.

हे किती वेळा होते आणि का होते

ब्रिटनमध्ये भुलेच्या काळातील ॲनाफिलॅक्सिसची देशव्यापी पाहणी झाली आणि तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. तिच्यात २६६ गंभीर घटनांचा अभ्यास होता. प्रतिजैविके आणि स्नायू शिथिल करणारी औषधे ही पहिली दोन कारणे ठरली, त्यानंतर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि चौथ्या स्थानी पेटंट ब्ल्यू होते. वापराच्या प्रमाणात पाहिले तर पेटंट ब्ल्यूच्या दर एक लाख वापरांमागे सुमारे १५ गंभीर प्रतिक्रिया आल्या. स्नायू शिथिल करणाऱ्या सक्सामेथोनियमचा याच पाहणीतला दर सुमारे ११ होता. सेंटिनल नोडच्या ब्रिटिश प्रशिक्षण-प्रकल्पातील सुमारे आठ हजार रुग्णांच्या नोंदींत सौम्य पुरळापासून धक्क्यापर्यंत सगळे धरून सुमारे एक टक्का रुग्णांना त्रास झाला होता, पण तीव्र धक्का त्यांपैकी अगदी मोजक्यांनाच बसला. आयसोसल्फान ब्ल्यूच्या अमेरिकी माहितीपत्रकात मात्र जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रियांचे प्रमाण सुमारे दोन टक्के दिलेले आहे. आकड्यांतील एवढी तफावत मुख्यतः ‘गंभीर’ कशाला म्हणायचे यातून येते. रुग्णाने यातून एवढेच घ्यावे की धोका लहान आहे, आणि थिएटरने एवढे घ्यावे की तो विसरण्याइतका लहान नाही.

पहिल्यांदाच रंगद्रव्य टोचले तरी ॲलर्जी कशी होते, असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. या कुळातील रंग कापड, सौंदर्यप्रसाधने, साबण, शाई आणि काही देशांत खाद्यपदार्थ यांतून शरीराच्या संपर्कात आलेले असतात. त्यातून शरीरात आयजीई प्रकारची प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असू शकतात, आणि शस्त्रक्रियेत रंगद्रव्य मोठ्या प्रमाणात आत गेले की मास्ट पेशी फुटून हिस्टामिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात. काही रुग्णांत प्रतिपिंडांशिवाय, रंगद्रव्याच्या थेट परिणामानेही त्या पेशी फुटत असाव्यात.

पहिली पायरी: शस्त्रक्रियेआधीची विचारपूस

रुग्णाने भूलतज्ज्ञांना स्वतःहून पुढील गोष्टी सांगाव्यात. पूर्वी कधी शस्त्रक्रियेत वा तपासणीत निळा, हिरवा किंवा पिवळा रंग टोचला होता का. त्यानंतर अंगावर पित्ताच्या गांधी, ओठांवर वा पापण्यांवर सूज, धाप किंवा चक्कर असे काही झाले होते का. पूर्वीच्या एखाद्या भुलेत ‘बीपी खूप खाली गेले होते’ असे कोणी सांगितले होते का. कपड्याला रंग देण्याच्या कारखान्यात काम केले असेल आणि रंगांनी हातावर चट्टे उठत असतील तर तेही सांगावे. जुनी डिस्चार्ज कार्डे सोबत न्यावीत, विशेषतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे. त्यात रंगद्रव्याचा उल्लेख सापडण्याची शक्यता असते.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारखे बीटा-ब्लॉकर किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातील औषध चालू असल्यास ते ठळकपणे सांगावे. या औषधांमुळे ॲलर्जी होत नाही, पण झालीच तर रक्तदाब वर आणणे अवघड जाते. ही औषधे मनाने बंद करू नयेत, तो निर्णय भूलतज्ज्ञांचा आहे.

दमा किंवा खाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाच हे होते असे नाही. पूर्वी कसलीही ॲलर्जी नसलेल्या रुग्णांतही ही प्रतिक्रिया आलेली आहे, म्हणून ‘हिला कधी काही झालेलं नाही’ या उत्तरावर थिएटरने निर्धास्त होऊ नये. त्याचप्रमाणे ‘टेस्ट डोस दिला होता का?’ या आपल्याकडच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की ज्याला पूर्वी काही झालेले नाही अशा प्रत्येकाची निळ्या रंगद्रव्यासाठी आगाऊ त्वचा-चाचणी करण्याची शिफारस नाही. ती सर्वांवर करून फारसे हाती लागत नाही, आणि तिच्या निर्वाळ्यावर विसंबून थिएटरमधली तयारी ढिली पडण्याचा धोका मात्र असतो. आधीच स्टेरॉईड व ॲलर्जीरोधक औषधे देऊन ठेवण्याचाही प्रयोग झाला आहे. त्याने प्रतिक्रियांची तीव्रता कमी झाली, संख्या कमी झाली नाही.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारावेत: कोणते रंगद्रव्य वापरणार आहात, आणि त्याऐवजी दुसरी पद्धत इथे उपलब्ध आहे का. सर्जनला यात अपमान वाटण्यासारखे काही नाही, आणि चांगला सर्जन दोन्हींची उत्तरे एका वाक्यात देतो.

दुसरी पायरी: थिएटरमधील तयारी

सुरुवातीच्या पडताळणीत, म्हणजे चीर देण्यापूर्वी सर्वजण थांबून रुग्णाचे नाव व शस्त्रक्रिया मोठ्याने म्हणतात तेव्हा, रंगद्रव्याचे नाव आणि मात्राही म्हटली जावी. टोचताना सर्जनने ‘आता टोचतो आहे’ असे सांगावे आणि भूलतज्ज्ञांनी ती वेळ आपल्या तक्त्यावर मिनिटासह लिहावी. यासाठी खर्च शून्य आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण लेखातील कोणत्याही एका गोष्टीने सर्वाधिक फरक पडणार असेल तर तो याच सवयीने पडेल.

प्रतिजैविक, स्नायू शिथिल करणारे औषध आणि रंगद्रव्य एकाच पाच मिनिटांत देऊ नये. शक्य असेल तिथे प्रतिजैविक भूल देण्यापूर्वी द्यावे, मग भूल, आणि रुग्ण स्थिर झाल्यावर रंगद्रव्य. मध्ये अंतर असले की पुढे काही घडल्यास कोणावर संशय घ्यायचा हे बरेचसे ठरते. मात्रा ग्रंथी दिसण्यापुरतीच असावी. आयसोसल्फान ब्ल्यू जागा बधिर करण्याच्या औषधाबरोबर एकाच सिरिंजमध्ये भरू नये, कारण त्याचा लगेच साका धरतो.

ॲड्रेनालीन हाताशी असावे. आपल्याकडे मिळणाऱ्या एक मिलीच्या काचेच्या ॲम्पूलमध्ये एक मिलिग्रॅम ॲड्रेनालीन असते. ते सलाईनमध्ये मिसळून दहा मिली केले की प्रत्येक मिलीत १०० मायक्रोग्रॅम होतात आणि अर्ध्या मिलीत ५०. हे गणित थिएटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले असावे. रक्तदाब पन्नासवर आलेला असताना कोणालाही हिशेब करायला लावू नये.

तिसरी पायरी: ओळखणे

प्रतिजैविकाची प्रतिक्रिया सहसा काही मिनिटांतच दिसते. निळे रंगद्रव्य शिरेत न जाता त्वचेखाली टोचलेले असते, तिथून ते सावकाश रक्तात उतरते. त्यामुळे बहुधा १५ ते ३० मिनिटांनी, कधी त्याहून लवकर आणि कधी तासाभराने लक्षणे सुरू होतात. तोपर्यंत चीर दिलेली असते, सर्जन काखेत काम करत असतात आणि टोचल्याची गोष्ट सर्वांच्या मनातून मागे पडलेली असते. आयसोसल्फान ब्ल्यूच्या माहितीपत्रकात रुग्णावर किमान ६० मिनिटे बारीक लक्ष ठेवायला सांगितले आहे ते याचसाठी, आणि तोच नियम इतर निळ्या द्रव्यांनाही लावणे शहाणपणाचे आहे.

बेशुद्ध रुग्ण खाज सुटल्याचे किंवा जीव घाबरल्याचे सांगू शकत नाही. अंगावर निर्जंतुक कापडे पसरलेली असतात, त्यामुळे पुरळही दिसत नाही. म्हणून अनेकदा पहिली आणि काही काळ एकमेव खूण म्हणजे रक्तदाब घसरणे. बरोबर नाडी जलद होते, क्वचित मंदही होते. छातीत श्वासनलिका आवळल्या तर व्हेंटिलेटरचा दाब वाढतो आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचा आकार बदलतो. रक्ताभिसरण कोसळू लागले तर त्याच आलेखाची उंची झपाट्याने कमी होते.

इथे निळ्या रंगाची एक खास फसगत आहे. पल्स ऑक्सिमीटर बोटातून सुमारे ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश पाठवून ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. निळी रंगद्रव्ये नेमका ६६० च्या आसपासचा प्रकाश शोषतात, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन पुरेसा असूनही आकडा काही टक्क्यांनी खाली दिसतो आणि त्वचाही करडी-निळसर दिसू लागते. हे माहीत नसलेला डॉक्टर विनाकारण घाबरतो. हे माहीत असलेल्या डॉक्टरपुढे उलटा धोका असतो, की ‘डायमुळे असेल’ म्हणून खरी घसरण तो दुर्लक्षून बसेल. यावर उपाय असा की ऑक्सिजनचा आकडा खाली आला की छाती तपासावी, व्हेंटिलेटरचा दाब पाहावा आणि गरज वाटल्यास धमनीतील रक्ताची तपासणी करून ऑक्सिजनचा दाब थेट मोजावा. रक्तदाबाच्या आकड्यावर मात्र रंगाचा असा कोणताही परिणाम होत नाही. रक्तदाब खाली आला असेल तर तो खराच खाली आलेला आहे.

तेव्हा रंगद्रव्यानंतरच्या तासाभरात अनपेक्षितपणे रक्तदाब घसरला आणि नेहमीच्या एकदोन उपायांनी तो वर येत नसेल, तर कापडे उचलून छाती, पोट, जांघा आणि पापण्या पाहाव्यात. या ॲलर्जीत कधी कधी गांधींचा रंगच निळा असतो, कारण सुजेच्या द्रवाबरोबर रंगद्रव्यही त्वचेत उतरते. अशी निळी गांधी दिसली की निदानाबद्दल शंका उरत नाही. ती दिसली नाही तरी थांबू नये. रक्तस्राव, छातीत हवा भरणे, भूल जास्त खोल होणे ही कारणे मनात भराभर तपासावीत, हातमोज्यांतील लॅटेक्स हेही उशिरा प्रतिक्रिया देणारे कारण आहे हे आठवावे, आणि संशय बळावताच उपचार सुरू करावेत. निदान नक्की करण्याचे काम नंतर रक्ताचे नमुने करतील.

चौथी पायरी: उपचार

‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द मोठ्याने उच्चारावा, मदत बोलवावी आणि वेळ नोंदवायला एका व्यक्तीला नेमावे. सर्जनने हात थांबवावा. शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा, भुलेचा वायू कमी करावा, पाय वर करावेत.

ॲड्रेनालीन हेच पहिले औषध आहे. शीर उपलब्ध आहे, मॉनिटर लावलेला आहे आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत अशा स्थितीत प्रौढाला ५० मायक्रोग्रॅम शिरेतून द्यावे, प्रतिसाद पाहून ते पुन्हा द्यावे. लहान मुलांत वजनाच्या प्रत्येक किलोला एक मायक्रोग्रॅम. शीर नसेल किंवा शिरेतून देण्याचा सराव नसेल तर प्रौढाच्या मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम द्यावे आणि पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे. बरोबरीने सलाईन वेगाने सोडावे. प्रौढाला ५०० ते १००० मिलीपासून सुरुवात करावी, आणि अनेकदा काही लिटर लागतात, कारण रक्तातील पाणी वाहिन्यांबाहेर पाझरत असते. फेनिलेफ्रिन किंवा मेफेन्टरमिन ही रक्तदाब वाढवणारी नेहमीची औषधे देऊन दहा मिनिटे वाट पाहणे ही थिएटरमध्ये सहज होणारी चूक आहे. त्या औषधांनी मास्ट पेशी शांत होत नाहीत, ॲड्रेनालीनने होतात.

वरचा रक्तदाब ५० च्या खाली गेला तर नाडी लागत असली तरी छाती दाबायला सुरुवात करावी. हृदय चालू दिसले तरी एवढ्या दाबाने मेंदूला व हृदयाला रक्त पोहोचत नाही. ॲड्रेनालीनच्या तीनेक मात्रांनंतरही रक्तदाब टिकत नसेल तर ते पंपाने सतत सुरू करावे, जोडीला नॉरॲड्रेनालीन किंवा व्हॅसोप्रेसिन द्यावे. बीटा-ब्लॉकर चालू असलेल्या रुग्णाला ग्लुकागॉन शिरेतून एक ते दोन मिलिग्रॅम उपयोगी पडते. हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲविल देण्याची आपल्याकडे घाई असते, परंतु धक्क्यातून बाहेर काढण्यात त्यांचा वाटा नगण्य आहे. ती द्यायचीच तर रक्तदाब सावरल्यावर द्यावीत, आणि ती भरण्यात ॲड्रेनालीन भरणारा हात गुंतू नये.

या प्रतिक्रियेत आणखी एक अडचण असते. शिरेतून जाणारे प्रतिजैविक बंद करता येते, पण ऊतींत टोचलेल्या रंगद्रव्याचा साठा आतच राहतो आणि त्यातून ते झिरपत राहते. त्यामुळे प्रतिक्रिया लांबते आणि ॲड्रेनालीनचा पंप काही तास चालू ठेवावा लागू शकतो. ज्या रुग्णांत रंगलेला भाग तसाही काढायचा होता, त्यांत तो लवकर काढून टाकल्याचे काही सर्जननी नोंदवले आहे. रुग्ण सावरत असेल तरच हा विचार करावा.

पाचवी पायरी: रक्ताचे नमुने

मास्ट पेशी फुटल्या की ट्रिप्टेज हे विकर रक्तात वाढते. पहिला नमुना जीव स्थिर होताच घ्यावा, दुसरा प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून एक ते दोन तासांनी, फार तर चार तासांच्या आत, आणि तिसरा चोवीस तास उलटल्यावर. तिसरा नमुना सर्वाधिक विसरला जातो आणि त्याच्याशिवाय पहिल्या दोहोंचा अर्थ नीट लागत नाही. प्रयोगशाळा दर मिलीत सुमारे ११.४ नॅनोग्रॅम ही सामान्य पातळीची वरची मर्यादा मानतात, परंतु इथे तुलना रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पातळीशी करायची असते. मूळ पातळीच्या १.२ पट अधिक २, एवढ्याला किंवा त्याहून वर गेलेला आकडा अर्थपूर्ण धरतात. मूळ पातळी ५ असेल तर ८ हा आकडासुद्धा मास्ट पेशी फुटल्याचे सांगतो, जरी अहवालावर तो ‘नॉर्मल’ छापून आला तरी. उलट, ट्रिप्टेज वाढले नाही म्हणून ॲलर्जी नव्हती असे म्हणता येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी होत नाही म्हणून नमुने घेणे सोडू नये. रक्तद्रव वेगळा करून थंड ठेवला तर तो मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येतो. प्रत्येक नळीवर तारखेबरोबर तास आणि मिनिटही लिहावे.

शस्त्रक्रिया पुढे न्यावी का?

याला एक उत्तर नाही. प्रतिक्रिया पुरळापुरती असेल आणि लगेच आटोक्यात आली असेल तर शस्त्रक्रिया पूर्ण करण्यात सहसा अडचण नसते. ॲड्रेनालीनचा पंप लागत असेल तर रक्तस्राव थांबवून, जखम बंद करून बाहेर पडणे बरे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी पूर्ण करता येते. ग्रंथी त्याच क्षणी समोर निळी दिसत असेल आणि ती काढायला दोन मिनिटेच लागणार असतील तर ती काढावी, हे मला पटते, कारण पुढच्या वेळी तेच रंगद्रव्य वापरता येणार नाही.

सहावी पायरी: पुढचे २४ तास आणि नातेवाइकांशी बोलणे

गंभीर प्रतिक्रियेनंतर रुग्णाला किमान एक दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे. काही रुग्णांत सारे शांत झाल्यावर काही तासांनी दुसरी लाट येते. दिवसभराच्या उपचारापुरत्या आलेल्या रुग्णाला त्या रात्री घरी पाठवू नये.

बाहेर थांबलेल्या घरच्यांना काय घडले, कोणत्या द्रव्याचा संशय आहे आणि शस्त्रक्रियेचे किती काम झाले हे त्याच दिवशी भूलतज्ज्ञ व सर्जन दोघांनी मिळून सांगावे. लघवी एकदोन दिवस हिरवट-निळी होईल, चेहरा निस्तेज निळसर दिसेल आणि टोचलेल्या जागेचा डाग कित्येक आठवडे राहू शकेल, हेही सांगावे. ही ॲलर्जीची लक्षणे नाहीत, आणि आधी न सांगितल्यास ती पाहून घरचे फार घाबरतात.

सातवी पायरी: चाचण्या आणि कागदपत्रे

चार ते सहा आठवड्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेच्या चाचण्या कराव्यात. त्याआधी केल्यास मास्ट पेशी रिकाम्या असल्याने खोटा निर्वाळा मिळू शकतो. ॲलर्जीरोधक गोळ्या चाचणीपूर्वी सुमारे आठवडाभर, तज्ज्ञ सांगतील तशा, बंद ठेवाव्या लागतात. आधी त्वचेवर टोचा मारून आणि तिथे काही दिसले नाही तर अतिशय पातळ द्रावण त्वचेच्या आत टोचून चाचणी होते. अशा चाचणीतही संपूर्ण शरीराची प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती ॲड्रेनालीन व शीर तयार असलेल्या ठिकाणीच करावी. संशय रंगद्रव्यावर असला तरी त्या दिवशी दिलेले प्रतिजैविक, स्नायू शिथिल करणारे औषध, क्लोरहेक्सिडिन आणि लॅटेक्स यांचीही चाचणी व्हावी. दोषी द्रव्य चुकीचे ठरले तर रुग्णाला निष्कारण एक चांगले औषध आयुष्यभर नाकारले जाते आणि खरे कारण तसेच राहते. पेटंट ब्ल्यूने त्रास झालेल्या रुग्णात मिथिलीन ब्ल्यू चालेल का हेही याच वेळी तपासावे. कुळे वेगळी असली तरी दोन्हींना प्रतिसाद देणारे रुग्ण क्वचित आढळले आहेत.

या चाचण्यांसाठी तज्ज्ञांना भुलेच्या तक्त्याची प्रत लागते. ती डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर रंगद्रव्याचे पूर्ण नाव, कंपनीचे नाव व बॅच क्रमांक, मात्रा, टोचल्याची वेळ, पहिल्या लक्षणाची वेळ, सर्वांत कमी रक्तदाब, एकूण ॲड्रेनालीन आणि ट्रिप्टेजचे तिन्ही आकडे असावेत. रुग्णाने याचे एक लहान कार्ड पाकिटात ठेवावे, एक छायाचित्र स्वतःच्या फोनमध्ये आणि एक घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या फोनमध्ये ठेवावे.

घटना भारतीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाकडे कळवावी. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रे आहेत. डॉक्टरांनी कळवणे उत्तम, पण रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात.

पुढच्या शस्त्रक्रियेत पर्याय कोणते

पहिला प्रश्न असा, की ग्रंथी शोधायची गरज आहे का. इटलीतून चाललेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या निवडक स्त्रियांत सेंटिनल नोड न काढल्यानेही निकाल वाईट झाले नाहीत. प्रत्येकीला हे लागू नाही, पण ॲलर्जी झालेल्या स्त्रीसाठी ही चर्चा सर्जनशी करण्यासारखी आहे.

गरज असेल तर किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून ग्रंथी यंत्राने शोधता येते. त्यात निळे द्रव्य लागत नाही, मात्र न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो. इंडोसायनिन ग्रीन हा चांगला पर्याय आहे, फक्त त्यात थोडे सोडियम आयोडाइड असते, म्हणून आयोडीनयुक्त द्रव्याची ॲलर्जी असलेल्यांनी तसे सांगावे. लोहाच्या सूक्ष्म कणांची चुंबकीय पद्धतही आहे, पण त्या कणांचीही स्वतःची ॲलर्जी असू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने काखेच्या खालच्या भागातील ग्रंथी ठरावीक शारीरिक खुणांवरून काढण्याच्या पद्धतीचा अभ्यास करून ती सेंटिनल नोडला कमी खर्चाचा पर्याय म्हणून मांडली आहे. तिला रंगद्रव्य किंवा महागडे यंत्र लागत नाही. निळ्या द्रव्याने धक्का बसलेल्या महाराष्ट्रातील रुग्णाला मी सर्जनकडे याच पर्यायाबद्दल आधी विचारायला सांगेन.

घरात कोणते निळे रंग टाळायचे, हेही विचारले जाते. भारतात खाद्यपदार्थांत परवानगी असलेल्या कृत्रिम निळ्या रंगांमध्ये ब्रिलियंट ब्ल्यू आणि इंडिगो कार्माइन आहेत, पेटंट ब्ल्यू व्ही नाही. युरोपात मात्र ते ई १३१ या क्रमांकाने मिठाई, पेये आणि काही गोळ्यांच्या आवरणात चालते. तिकडे राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मराठी रुग्णांनी ही ॲलर्जी चाचणीत सिद्ध झाली असेल तर वेष्टनावरील घटकांच्या यादीत हा क्रमांक पाहावा, आणि तिथल्या डॉक्टरांना व औषध-दुकानदारालाही त्याची कल्पना द्यावी.